काडतूस तेच, पेटी वेगळी

मॅगझीन हा शब्द ऐकला की वाचनालयाच्या टेबलावरचे मासिकच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येईल. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. अरबीत कोठारांना 'मखाझिन' म्हणतात. मासिक हे लेखांचे कोठार, तर रायफलीचे मॅगझीन हे काडतुसांचे. आम्हांला आज या दुसऱ्या कोठाराविषयी बोलावयाचे आहे. आम्ही काही लढवय्ये नव्हे. आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर गेले. परंतु पत्र्याच्या एवढ्याशा पेटीत कारागिराच्या हाताची आणि ड्रॉइंग काढणाऱ्याच्या डोक्याची जी परीक्षा होते, ती मोठ्या यंत्रातही क्वचितच होते.

अर्ध-स्वयंचलित रायफलीचा चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची तयारी रायफल स्वतः करते. बहुतेक नमुन्यांत जळलेल्या दारूचा थोडा वायू नळीतून काढून दट्ट्यावर सोडतात. दट्ट्या बोल्टला मागे रेटतो, रिकामे टरफल बाहेर पडते, आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना बोल्ट मॅगझीनमधले सर्वांत वरचे काडतूस पुढे लोटतो. आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षे असलेल्या .३०३ रायफलीत बोल्ट हाताने ओढावा लागे. हात काडतुसाची वाट पाहू शकतो. यंत्र पाहत नाही. सेकंदाच्या अगदी लहान अंशात पुढचे काडतूस वर आलेच पाहिजे. पेटीतली स्प्रिंग मऊ पडली तर बोल्ट रिकामाच पुढे जातो. पेटीच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणारे पत्र्याचे दोन ओठ असतात. ते किंचित वाकले तरी काडतूस तिरके घुसते व रायफल अडते. अशा वेळी शिपायाच्या हाती उरते ती एक जड काठी.

हे ओठ कोठे ठेवावेत, याची उत्तरे निरनिराळ्या देशांनी निरनिराळी दिली. अमेरिकेने १९३६ साली स्वीकारलेल्या गॅरंड रायफलीत आठ काडतुसे पत्र्याच्या क्लिपेसकट वरून आत दाबतात, आणि काडतुसे धरून ठेवण्याचे काम ती क्लिपच करते. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिपही बाहेर उडते. पेटी हरवण्याचा प्रश्न नाही; पण क्लिप नसेल तर आठ गोळ्यांची रायफल एकेका गोळीची होते. रशियाच्या सिमोनोव्ह रायफलीत, म्हणजे एसकेएसमध्ये, दहा काडतुसांची पेटी रायफलीलाच जोडलेली असते आणि पट्टीवरून काडतुसे आत सरकवतात. येथे पेट्यांची अदलाबदल हा प्रश्नच उद्भवत नाही. भरण्यास मात्र वेळ लागतो.

सुटी पेटी आली आणि भरणे झटपट झाले. पण मापांचा तंटा तेथूनच सुरू झाला. १९५४ च्या सुमारास नाटो राष्ट्रांनी ७.६२ मिलिमीटरचे एकच काडतूस ठरविले. पेटी मात्र ठरविली नाही! अमेरिकेची एम-१४, जर्मनीची जी-३ आणि बेल्जियमची फाल, तिन्हींत तेच काडतूस, तिन्हींची पेटी वीस काडतुसांची. तरी एकीची पेटी दुसरीत बसत नाही.

याहून मौजेची गोष्ट फालच्या स्वतःच्या घरातली आहे. बेल्जियमचे मूळ ड्रॉइंग मिलिमीटरचे. ब्रिटनने ती रायफल घेतली तेव्हा मापे इंचांत उतरविली, काही भाग बदलले, आणि फक्त अर्ध-स्वयंचलित अशी एल-१-ए-१ बनविली. फालची पेटी बसविताना पुढची बाजू आधी खोबणीत अडकवतात, मग मागची बाजू वर ओढतात, म्हणजे खटका बसतो. बेल्जियन पेटीच्या पुढे पत्र्यातूनच उठवलेला लहानसा उंचवटा असतो. ब्रिटिश पेटीला त्या जागी मोठा, दणकट ठोकळा जोडलेला असतो. त्यामुळे लहान उंचवट्याची पेटी मोठ्या खोबणीत, थोडी सैल का होईना, बसते. मोठ्या ठोकळ्याची लहान खोबणीत शिरतच नाही. १९८२ साली फॉकलंड बेटांवर ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले, तेव्हा दोन्हीकडे याच घराण्याच्या रायफली होत्या. म्हणजे शत्रूची टाकून दिलेली पेटी ब्रिटिश शिपायाला उपयोगी पडावी, उलट मात्र घडू नये, असा प्रकार! कारण रणांगणावरचे नव्हे, ड्रॉइंगच्या टेबलावरचे.

आपल्याकडे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात याच घराण्यातील १-ए-१ रायफल बनू लागली, आणि तिच्यासारख्या शस्त्रांची काडतुसे खडकी व वरणगाव येथे बनत आली. अशा कामात गेज हातात धरून पेटी 'पास' की 'रद्द' हे सांगणाऱ्या तपासनिसाला गर्दीत कोणी ओळखत नाही. त्याचे गेज ज्या ड्रॉइंगवरून बनले तेच दोन तऱ्हांचे असेल, तर त्याने किती डोळ्यांत तेल घातले तरी दोन पेट्या जुळावयाच्या नाहीत. कामगाराच्या माथी दोष मारण्यापूर्वी एवढे तरी पाहावे.

पुढे नाटोने ५.५६ मिलिमीटरचे लहान काडतूस घेतले. तेव्हा पेटीचाही विचार झाला. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीची पेटी सर्वांनी घ्यावी असा मसुदा १९८० साली निघाला. त्याला रीतसर मंजुरी कधी मिळाली नाही, तरी पुष्कळ देशांच्या रायफली आज त्याच मापाची पेटी घेतात.