अपॉस्ट्रॉफी कुठे: एसच्या आधी की नंतर?

मराठीत ‘मुलाची खोली’ आणि ‘मुलांची खोली’ यातला फरक एका अनुस्वाराचा, पण तो कानाला कळतो. इंग्रजीत ‘बॉइज रूम’ नुसतं ऐकून मुलगा एक की अनेक, हे कळतच नाही. उच्चार सेम! फरक दिसतो तो लिहिताना, अपॉस्ट्रॉफीच्या जागेवरून.

लॉजिक दोन स्टेपचं आहे. आधी अनेकवचन पूर्ण करा, मग शेवटचं अक्षर बघा. एस असेल तर पुढे नुसता अपॉस्ट्रॉफी. नसेल तर अपॉस्ट्रॉफी आणि मग एस. म्हणून ५ सप्टेंबरच्या ‘टीचर्स डे’मध्ये चिन्ह एसनंतर येतं आणि १४ नोव्हेंबरच्या ‘चिल्ड्रन्स डे’मध्ये एसच्या आधी, कारण ‘चिल्ड्रन’ हे मुळातच अनेकवचन.

एवढ्याशा चिन्हाने काय बिघडतं? समजा, फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे आणि मेलमध्ये ‘ओनर्स सिग्नेचर’ मागितलीय. चिन्ह एसच्या आधी असेल तर सही एकाच मालकाची, नंतर असेल तर दोघांची!

आता तुम्ही सांगा: ‘माय पेरेंट्स हाऊस’मध्ये आईबाबा दोघं आहेत, मग चिन्ह कुठे? बरोबर, एसनंतर. आणि ‘माय पेरेंट्स लिव्ह इन पुणे’? इथे मालकीच नाही, म्हणजे चिन्हही नाही.