परिचारिकेची नोंदवही आणि संशोधन

उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या ज्या मुली नर्सिंगला जातात, त्यांपैकी बऱ्याच जणी माझ्यासारख्याच घरातल्या पहिल्या शिकलेल्या. पुढे कोणी अतिदक्षता विभागात, कोणी नवजात बालकांच्या कक्षात तरबेज होते. पण संशोधनाचा विषय काढला की म्हणतात, "सर, ते डॉक्टरांचे काम." हा समज तपासला पाहिजे.

संशोधन म्हणजे नेमका प्रश्न, शिस्तीने केलेली मोजणी आणि प्रामाणिक तुलना. समजा, ३० खाटांचा वॉर्ड ३० दिवस भरलेला आहे. म्हणजे ९०० रुग्णदिवस झाले. त्यात ९ जणांना नव्याने बेडसोअर झाले, तर हजार रुग्णदिवसांमागे प्रमाण १० पडते. कूस बदलण्याची पद्धत सुधारून पुढच्या महिन्यात पुन्हा मोजावे. मात्र दोन्ही महिन्यांतले रुग्ण सारखेच गंभीर होते का, हेही पाहावे. नाहीतर निष्कर्ष फसवा ठरतो.

ही परंपरा परिचारिकांचीच आहे. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ साली आकड्यांच्या आकृतीतून दाखवले. स्कुटारीचे तिचे इस्पितळ लष्करी बराकीतच होते. लष्करी छावणीच्या बराकींत वसलेल्या आमच्या गावाला बराकीतली दाटी समजावून सांगायला नको.

महाराष्ट्रात वाट आहे. मुंबईत एसएनडीटीचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघाले. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली. डिप्लोमानंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी., एम.एस्सी., पीएच.डी. करता येते. पण वाट असणे निराळे आणि चालायला सवड असणे निराळे. रात्रपाळी, घरकाम, फी आणि इंग्रजी पुस्तके पायात येतात.

त्याहून खोल अडथळा मनाचा आहे. मलमूत्राला लागणारा हात हलका आणि त्यावर लिहिणारा हात श्रेष्ठ, ही फारकत आपल्या समाजाला जातिव्यवस्थेने शिकवली. म्हणून चोवीस तास निरीक्षण करणारीच्या नोंदी वापरल्या जातात, पण पुष्कळदा लेखावर तिचे नाव नसते.

तेव्हा रुग्णालयांनी अभ्यासासाठी ड्युटीतले तास द्यावेत, नीतिसमितीकडे प्रस्ताव मांडण्याचा मार्ग दाखवावा आणि काम तिचे असेल तर नाव तिचे छापावे. आम्हा शिक्षकांनीही रविवारी संख्याशास्त्राचा वर्ग मराठीतून घ्यावा. त्याला लागतो एक फळा, आणि तिच्या रोजच्या नोंदवहीतले आकडे.