लाल चड्डी, खारूताई आणि कापलेले चुंबन

सुपरमॅन कसा असावा, याविषयी ज्याचे काहीच मत नाही असा चित्रपटरसिक विरळाच. कुणाला व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून पाहिलेला ख्रिस्तोफर रीव्हचा हसतमुख सुपरमॅन आठवतो, तर कुणाला मल्टिप्लेक्सच्या अंधारात भेटलेला हेन्री कॅव्हिलचा गंभीर, धीरोदात्त सुपरमॅन. त्यामुळे ११ जुलै २०२५ रोजी दिग्दर्शक जेम्स गन यांचा 'सुपरमॅन' प्रदर्शित झाला, तेव्हा चाहत्यांत दोन तट पडणार हे ठरलेलेच होते. तसे ते पडलेही. भारतात मात्र एक तिसरा तट निर्माण झाला. त्याची तक्रार गन यांच्याविरुद्ध नव्हतीच. ती होती कात्रीविरुद्ध.

एकाच चित्रपटावर आनंदाश्रू आणि शिव्याशाप एकाच वेळी का बरसतात, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

प्रत्येक पिढीचा वेगळा सुपरमॅन

जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडमधील दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ मध्ये 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकातून वाचकांसमोर आला. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. परग्रहावरून आलेले मूल पुढे जगाचे रक्षण करते, ही कल्पना त्यांच्या घरच्या अनुभवापासून फार दूर नव्हती. त्या काळच्या सर्कशीतील पहिलवानांप्रमाणे त्याला घट्ट पोशाख आणि त्यावर लाल चड्डी मिळाली.

१९७८ मध्ये रिचर्ड डॉनर यांच्या चित्रपटाने हा नायक जगभर पोहोचविला. रीव्हचा सुपरमॅन सज्जन, विनयशील आणि किंचित मिस्कील होता. २०१३ मध्ये झॅक स्नायडर यांच्या 'मॅन ऑफ स्टील'ने हे चित्र पालटले. कॅव्हिलचा सुपरमॅन एकाकी, स्वत:च्या शक्तीच्या ओझ्याखाली वाकलेला होता. त्याच्या पोशाखातून लाल चड्डी गेली आणि शेवटी खलनायक झॉडची मान मोडून त्याला ठार मारण्याची वेळ त्याच्यावर आली. 'सुपरमॅन कुणाचा जीव घेत नाही' असे मानणारे जुने चाहते त्यावर संतापले. उलट 'हाच खरा आजच्या जगातला सुपरमॅन' म्हणणारा नवा चाहतावर्गही त्याच चित्रपटाने घडविला.

या नव्या वर्गाची चिकाटी पुढे साऱ्या हॉलिवूडने अनुभवली. स्नायडर यांनी कौटुंबिक आघातामुळे अर्ध्यावर सोडलेला 'जस्टिस लीग' २०१७ मध्ये दुसऱ्याच्या हातून पुरा होऊन आला आणि आपटला. चाहत्यांनी मूळ आवृत्तीसाठी चिवटपणे मोहीम चालविली आणि अखेर मार्च २०२१ मध्ये स्नायडर यांची चार तासांची आवृत्ती प्रदर्शित झाली. चाहत्यांनी रेटा लावला तर स्टुडिओही झुकतो, हा धडा त्यातून मिळाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅव्हिलने आपल्या पुनरागमनाची घोषणा केली, तेव्हा या मंडळींचा आनंद गगनात मावेना. पण डिसेंबरमध्येच गन आणि पीटर सॅफ्रन या 'डीसी स्टुडिओज'च्या नव्या प्रमुखांनी नवा, तरुण सुपरमॅन घेण्याचे ठरविले. डेव्हिड कोरेनस्वेट हा अभिनेता त्यामुळे पडद्यावर येण्याआधीच अर्ध्या चाहत्यांच्या नजरेत उपरा ठरला होता.

वादाचे मुद्दे

गन यांच्या चित्रपटात लाल चड्डी परत आली. वरवर पाहता ही क्षुल्लक बाब. पण तिच्यामागचा युक्तिवाद लक्षात घेण्याजोगा आहे. डोळ्यांतून अग्निकिरण सोडणाऱ्या परग्रहवासीयाची मुलांना भीती वाटू नये, म्हणून तो असा गमतीदार, रंगीत पोशाख घालेल, हे म्हणणे कोरेनस्वेटचे होते आणि तेच गन यांना पटले. जुन्या चाहत्यांनी या चड्डीचे स्वागत केले. स्नायडरपंथीयांना ती पोरकट वाटली.

दुसरा मुद्दा खारूताईचा. महाकाय राक्षस शहर तुडवीत असताना सुपरमॅन एका खारीला उचलून सुरक्षित जागी ठेवतो. आधीच्या चाचणी खेळांत काही प्रेक्षकांना हे दृश्य खटकले होते. गन यांनी ते हट्टाने ठेवले. काहींसाठी हा चित्रपटातील सर्वांत सुंदर क्षण ठरला, तर काहींसाठी हसे करून घेण्याचा. खरे तर सुपरमॅनविषयीचे दोन दृष्टिकोन या एका खारीत सामावलेले आहेत. त्याचे मोठेपण शक्तीत आहे की कणवेत, हाच तो प्रश्न.

तिसरा आणि सर्वांत तीव्र वाद त्याच्या जन्मदात्यांविषयीचा. क्रिप्टन ग्रहावरून आईवडिलांनी पाठविलेल्या संदेशाचा अर्धाच भाग सुपरमॅनने आयुष्यभर ऐकलेला असतो. लेक्स लुथर उरलेला भाग शोधून जगासमोर आणतो. त्यात लोकांची सेवा नव्हे, तर त्यांच्यावर राज्य करण्याची आज्ञा असते. हा संदेश बनावट निघेल, या आशेवर अनेक चाहते शेवटपर्यंत बसून होते. तो खराच होता, हे गन यांनी पुढे स्पष्ट केले. सुपरमॅनच्या वडिलांना देवासारखे पूज्य मानणाऱ्यांना हा घाव जिव्हारी लागला. देवकी आणि यशोदा या दोन्ही मातांची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला मात्र चित्रपटाचे सांगणे समजायला जड गेले नसावे. घडविणारे संस्कार कॅन्ससच्या घरातले होते, इतकेच त्याला म्हणायचे आहे.

अमेरिकेत याला राजकीय फोडणीही मिळाली. सुपरमॅन ही एका स्थलांतरिताची कथा आहे, असे गन यांनी प्रदर्शनापूर्वी म्हटले आणि तेथील उजव्या विचारांचे भाष्यकार तुटून पडले. वास्तविक १९३८ पासून ही कथा तीच आहे.

या गदारोळातला एक तपशील मोठा बोलका आहे. अमेरिकेत चित्रपटगृहाबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून 'सिनेमास्कोअर' ही संस्था श्रेणी घेते. 'मॅन ऑफ स्टील' आणि 'सुपरमॅन' या दोन्ही चित्रपटांना तिच्या पाहणीत 'ए उणे' हीच श्रेणी मिळाली. तिकिटबारीवरही फार मोठी तफावत नाही. पहिल्याने जगभरात सुमारे ६७ कोटी डॉलर मिळविले, दुसऱ्याने सुमारे ६२ कोटी. म्हणजे सर्वसामान्य प्रेक्षकाला दोन्ही सुपरमॅन जवळपास सारखेच आवडले. भांडण आहे ते चाहत्यांचे. चाहता पडद्यावरच्या चित्रपटाची तुलना दुसऱ्या चित्रपटाशी करीत नाही. तो ती लहानपणी मनात घट्ट बसलेल्या प्रतिमेशी करतो. ती प्रतिमा मोडली की त्याला स्वत:चेच काही हिरावले गेल्यासारखे वाटते.

आपल्याकडची वेगळी कहाणी

भारतातील चाहत्यांचे मात्र खरोखरच काही हिरावले गेले होते. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने, म्हणजे आपल्या सेन्सॉर बोर्डाने, सुपरमॅन आणि लोईस लेन यांच्या चुंबनाची सुमारे ३३ सेकंदांची दृश्ये कापावयास लावली आणि चित्रपटाला 'यूए १३+' प्रमाणपत्र दिले. अभिनेत्री श्रेया धन्वंतरी हिने यावर जाहीर नाराजी व्यक्त केली आणि असंख्य चाहत्यांनी तिच्या सुरात सूर मिसळला. इमारती कोसळतात, शहरे दुभंगतात, ते तेरा वर्षांच्या मुलाने पाहिले तर चालते. दोन प्रेमिकांचे चुंबन मात्र चालत नाही, हा कोणता न्याय, असा त्यांचा सवाल होता.

हा प्रकार नवा नाही. २०१५ मध्ये 'स्पेक्टर'मधील जेम्स बाँडच्या चुंबनांची लांबी निम्म्यावर आणण्यात आली होती आणि 'संस्कारी बाँड' म्हणून त्याची देशभर टिंगल झाली होती. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये नेमलेल्या श्याम बेनेगल समितीने मंडळाने चित्रपट कापू नयेत, वयानुसार प्रमाणपत्र द्यावे, अशी भूमिका मांडली. २०२३ च्या कायदादुरुस्तीने 'यूए' गटात सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा पायऱ्या आल्या. पायऱ्या आल्या, पण कात्री गेली नाही.

वितरक याविरुद्ध लढत का नाहीत? त्याचे उत्तर व्यवहारात आहे. 'ए' प्रमाणपत्र घेतले तर लहान मुले आणि त्यांच्यासोबत येणारी अख्खी कुटुंबे गमवावी लागतात. सुपरमॅनच्या चित्रपटाला ते परवडणारे नाही. शिवाय जगभरची प्रदर्शनाची तारीख एकच असते. पूर्वी अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण होते. २०२१ मध्ये ते रद्द झाले. आता दाद मागायची तर थेट उच्च न्यायालयात. तारीख तोंडावर असताना ३३ सेकंदांसाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार? म्हणून वितरक मुकाट्याने कापतो आणि प्रेक्षक पूर्ण पैसे देऊन अपुरा चित्रपट पाहतो.

३३ सेकंद म्हणजे फार नव्हे, असेही म्हणता येईल. पण लोईस ही सुपरमॅनची केवळ प्रेयसी नाही. याच चित्रपटात ती त्याची मुलाखत घेताना त्याला धारेवर धरते आणि त्या दोघांचे नाते बरोबरीचे आहे हे प्रेक्षकाला कळते. हे नाते कुठे पोहोचते, ते दाखविणारी दृश्येच नेमकी तुटक झाली. कथेतला दुवा निखळला तर प्रेक्षकाने मत तरी कशावर बनवायचे?

लाल चड्डी हवी की नको, खार वाचवावी की न वाचवावी, जन्मदाते दुष्ट असावेत की नसावेत, यावर चाहते भांडतच राहणार. गन यांनी 'मॅन ऑफ टुमॉरो' हा पुढचा चित्रपट जुलै २०२७ साठी जाहीर केला आहे, तेव्हाही भांडतील. या भांडणाचाही एक आनंद असतो आणि सुपरमॅन आठ दशकांहून अधिक काळ टिकला त्यात त्याचा वाटा आहे. भारतीय चाहत्याचे मागणे एवढेच, की भांडायचे ते पूर्ण चित्रपट पाहून भांडू द्या.