घराला रंग देताय? आधी ब्रश पारखून घ्या!

१४ एप्रिलची जयंती जवळ आली, की वेळापूर परिसरातल्या आपल्या वस्त्यांत घरे रंगवण्याची लगबग सुरू होते. रंगाऱ्याची मजुरी परवडत नाही, म्हणून आईवडील आणि मुले मिळून हे काम उरकतात. यात काहीच कमीपणा नाही. मात्र रंगाच्या डब्यावर पैसे मोजणारे आपण ब्रश घेताना ‘कोणताही द्या, स्वस्तातला द्या’ म्हणतो आणि तिथेच फसतो. ब्रशचे केस भिंतीला चिकटतात, पट्टे उमटतात, दुसरा हात द्यावा लागतो. वाचवलेल्या रुपयांच्या कितीतरी पट रंग वाया जातो.

ब्रश घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : तो कशात बुडवायचा आहे? चुन्यासाठी घायपाताच्या किंवा काथ्याच्या धाग्यांचा कुंचा घ्यावा. चुना जनावराच्या केसांचा ब्रश खाऊन टाकतो. दारे, खिडक्या, लोखंडी कपाट यांना ऑइलपेंट लावायचा असेल, तर डुकराच्या राठ केसांचा ब्रश उत्तम. तोच ब्रश पाण्यात कालवलेल्या डिस्टेंपरमध्ये बुडवला, तर केस पाणी पिऊन लुळे पडतात. डिस्टेंपरला नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचा ब्रश बरा.

आता माप. भिंतीला चार इंची, दाराला दोन इंची आणि खिडकीच्या गजांना एक इंची ब्रश पुरे. सगळे घ्यायची गरज नाही. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून संच घेतला, तर खर्च वाटला जातो.

दुकानात ब्रश हातात घेऊन तळहातावर दाबा. केस वाकून पुन्हा सरळ झाले पाहिजेत. मग हलकेच ओढून पाहा. एखाददुसरा केस निघाला तर चालेल, झुबका निघाला तर ब्रश परत करा. पत्र्याची पट्टी दांड्यावर हलत असेल तरीही घेऊ नका.

रंगात ब्रशचे केस एक तृतीयांशच बुडवा, म्हणजे ओघळ येत नाहीत. एप्रिलच्या आपल्याकडच्या उन्हात रंग भराभर सुकतो आणि जोड दिसतात. म्हणून बाहेरची भिंत सकाळी लवकर किंवा सावली आल्यावर घ्यावी. डोक्यावर हात करून चुना मारताना डोळ्यांवर चष्मा असावा, मुलांना दूर ठेवावे. थेंब डोळ्यात गेलाच, तर बराच वेळ भरपूर पाण्याने धुऊन तडक दवाखाना गाठावा.

काम संपताच ऑइलपेंटचा ब्रश टर्पेंटाइनने, डिस्टेंपरचा पाण्याने धुवा. केस बोटांनी सरळ करून खुंटीला उलटा टांगा. जेवणाच्या सुट्टीपुरता तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला तरी वाळत नाही. असा सांभाळलेला ब्रश पुढच्या जयंतीलाही कामी येईल. शिवाय मुलांना कळेल, की हत्यार जपणारा माणूसच काम नेटके करतो.