खंदकाचे गणित

दहिवलीच्या विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याच कर्जत तालुक्यातला पेठचा किल्ला तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिला असेल. सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्या चढून माथ्यावर गेलात, की खाली उभे कडे दिसतात. शत्रूने वर यावे तरी कोठून? अशा किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक कशाला हवा! सह्याद्रीने ते काम आधीच करून ठेवले आहे.

आता घाट चढून देशावर चला. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे किल्ल्याच्या जागी ना डोंगर, ना कडा. मग कडा आणायचा कोठून? जुन्या कारागिरांनी सरळ विचार केला. जमीन उंच करता येत नाही ना? मग भोवतालची जमीन खोल करा!

मलिक अहमदाने 1490 साली हे शहर वसवले. किल्ल्याचा आजचा दगडी तट मात्र हुसेन निजामशहाच्या काळातला, सुमारे 1560चा. किल्ला जवळजवळ गोल आहे. घेर सुमारे 1.7 किलोमीटर, वीसहून अधिक बुरूज, तटाची उंची सुमारे 18 मीटर. खंदक सुमारे 30 मीटर रुंद आणि 4 ते 6 मीटर खोल. आता वही काढा. खोली 5 मीटर धरली तर 1700 × 30 × 5, म्हणजे अडीच लाख घनमीटरांहून जास्त माती आणि दगड! एका मालमोटारीत 5 घनमीटर माती मावते असे धरले, तर पन्नास हजारांहून अधिक खेपा झाल्या. आणि हे सारे कुदळ, पहार व पाटीने.

एवढी माती टाकून द्यायची का? मुळीच नाही. खंदकाच्या बाहेरच्या काठावर मातीचा लांबवर उतरत जाणारा चढाव असतो. दुरून पाहणाऱ्याला या चढावामुळे तटाचा खालचा भाग दिसतच नाही. तोफेचा गोळा जवळजवळ सरळ रेषेत येतो, तो चढावात रुततो. तट कोसळवायचा तर पायथ्यावर मारा करावा लागतो, आणि पायथाच झाकलेला! शिडी लावायची, तर ती तटापासून तीस मीटर दूर लावून कशी चालेल? खंदकात उतरावे लागते, तेही वरून गोळ्या बरसत असताना.

राहिला सुरुंग. जमिनीखालून बोगदा खणून तटाखाली दारू ठासायची. कोंडलेल्या दारूचा क्षणात वायू होतो आणि तो वरचा तट उचलून फेकतो. खंदक आडवा असला की बोगदा त्याच्या तळाखालून न्यावा लागतो. खंदकात पाणी असले तर ते खडकाच्या भेगांतून झिरपते. ओली दारू काय पेटणार?

तरीही हे साधले जाई. 1595च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला. आत चांदबिबी होती. शत्रूने तटाखाली सुरुंग पेरल्याची खबर मिळताच तिने आतून खणून काही सुरुंग निकामी केले. पण एक उडालाच, आणि तटाला मोठे खिंडार पडले. बिबी स्वतः खिंडारापाशी उभी राहिली. संध्याकाळपर्यंत मोगलांना आत शिरू दिले नाही आणि एका रात्रीत खिंडार बुजवून घेतले. पुढे 1596च्या तहात वऱ्हाड गेले, पण किल्ला वाचला. चार वर्षांनी, 1600 साली, आतल्याच माणसांनी चांदबिबीला ठार केले. त्यानंतर मोगलांनी किल्ला घेतला, तोही सुरुंगांनीच. 1803च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी शहराच्या तटाला शिड्या लावल्या, पण किल्ल्यासाठी त्यांना तोफा डागाव्या लागल्या. 1942 पासून याच खंदकाआड नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते.

कोणत्याही भुईकोटाला गेलात तर खंदक न ओलांडता त्याची रुंदी मोजून पाहा. समोरच्या काठावरचा एक ठळक दगड निवडा. त्याच्या अगदी समोर अलीकडे, काठाजवळ पण जपून, एक काठी रोवा. काठाने वीस पावले जाऊन दुसरी काठी रोवा, आणखी वीस पावले जा. तेथून काटकोनात खंदकाकडे पाठ करून, पावले मोजत चाला आणि मधूनमधून मागे वळून पाहा. दुसरी काठी आणि तो दगड एका रेषेत दिसले, की थांबा. मोजलेली पावले म्हणजेच खंदकाची रुंदी. असे का, ते भूमितीच्या तासाला गुरुजींना विचारण्यापूर्वी दोन त्रिकोण काढून पाहा.