टायमिंग बेल्टचा हिशेब

आमच्या काकांनी गेल्या वर्षी जुनी डिझेल मोटार घेतली. तीन महिन्यांनी चोर्ला घाटात ती चालता चालता बंद पडली. ना आवाज, ना धूर. बेळगावला ओढून आणून मिस्त्रींनी हेड उघडले, तर व्हॉल्व्ह वाकलेले. एक रबरी पट्टा तुटला होता, एवढेच निमित्त. काकांचे पालुपद एकच, "चांगली चालत होती की रे!"

तो पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो. हा मेळ पट्ट्याचे दाते राखतात. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, पण वेगातले पिस्टन वर येतच राहतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. काही पेट्रोल इंजिनांत दोहोंमध्ये पुरेशी जागा असते, तेथे गाडी नुसती थांबते. डिझेलमध्ये ती जागा फारच थोडी.

काकांना दोष देववत नाही. त्यांचा हात प्रीमियर पद्मिनीवर बसलेला, आणि तिच्यात पट्ट्याऐवजी साखळी. साखळी झिजली की बहुधा खडखडते. पट्टा मुकाट्याने तुटतो. भेगा किंवा तेल दिसले तर तो बदलावाच. पण वरून चांगला दिसतो म्हणून चांगला आहे, असे नव्हे.

मग बदलायचा केव्हा? येथे आम्हां कॉमर्सवाल्यांचा थोडा उपयोग आहे. समजा, पट्टा बदलण्याचा खर्च 8,000 रुपये आणि त्याची मुदत 80,000 किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला दहा पैसे. तो आणखी 10,000 किलोमीटर ताणला, तर आपण 8,000 वाचवले असे वाटते. प्रत्यक्षात वाचतात 1,000 रुपये, कारण पट्टा आज ना उद्या बदलावा लागणारच. इंजिनाची दुरुस्ती 50,000 धरली, तर हजारासाठी पन्नास हजार पणाला लागले. त्या ताणलेल्या प्रवासात पट्टा तुटण्याची शक्यता पन्नासात एकाहून अधिक असेल, तर व्यवहार तोट्याचा. आकडे माझे आहेत. आपल्या गाडीचे घालून पाहावेत.

मुदत मात्र मिस्त्रींना नव्हे, गाडीच्या पुस्तकाला विचारावी. तेथे बहुधा किलोमीटर आणि वर्षे अशा दोन मर्यादा असतात; आधी येईल ती खरी. गाडी फक्त रविवारी बाजारात जाते म्हणणारे नेमके वर्षेच विसरतात. रबर उभ्या गाडीतही जुने होते.

जुनी गाडी घेतली आणि पट्टा बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरावे. मीटरवर विसंबू नये. ताण देणारी पुलीही त्याच वेळी बदलावी, आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही. उघडझाप करण्याची मजुरी दोनदा कशाला?

काकांनी आता बॉनेटच्या आत तारीख आणि किलोमीटर लिहून कागद चिकटवला आहे. दुरुस्तीचे बिल काकूंना अजून दाखवलेले नाही.