जुन्या मोटारीला नवा कंठ

मोटारीला सायलेन्सर असतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो नेमकें काय करितो, हा प्रश्न तो गंजून फुटेपर्यंत सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. साध्या मोटारीचा सायलेन्सर फुटला, तर कारखान्याच्या यादींतला दुसरा आणून बसविला म्हणजे काम भागतें. जुन्या स्पोर्ट्स मोटारीची गोष्ट निराळी. तिचा मालक तिच्यावर लुब्ध असतो तो पुष्कळ अंशीं तिच्या आवाजामुळें, आणि शेजारी तिला कंटाळतात तेहि त्याच आवाजामुळें. यादींतला सायलेन्सर मालकाच्या मनास येत नाहीं, आणि मग एखाद्या कारागिराकडून मापानें नवा करवून घेण्याचा बेत ठरतो. या कामांत मालकाच्या हौसेइतकाच शेजाऱ्याच्या झोपेचा आणि गाडींत बसणाऱ्यांच्या जिवाचाहि संबंध असतो. म्हणून सायलेन्सर म्हणजे काय, हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे.

इंजिनाच्या सिलिंडरांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण जळतें, त्याच्या दाबानें दट्ट्या खालीं रेटला जातो, आणि पुढें धूर सोडणारी झडप उघडतांच आंतला तप्त वायु एकदम नळींत उसळतो. बाहेरच्या हवेपेक्षां त्याचा दाब पुष्कळ अधिक असतो. त्यामुळें तो संथपणें न वाहतां धक्क्याधक्क्यानें बाहेर येतो. चार सिलिंडरांचें, चार ठोक्यांचें इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर असे धक्के सेकंदाला १०० बसतात. हाच त्या मोटारीचा मूळ स्वर. तिचा षड्ज म्हटला तरी चालेल. त्याच्यावर चढत्या स्वरांची मालिका उभी राहते, आणि कानाला टोंचणारी खरखर व फटकारे हे त्या वरच्या स्वरांतून उत्पन्न होतात.

हे स्वर दाबण्याच्या मुख्य युक्त्या तीन. पहिली विस्ताराची. अरुंद नळींतून वायु एकदम रुंद पेटींत आला, म्हणजे ध्वनीच्या लाटेचा कांहीं भाग पुढें न जातां मागें परततो. दुसरी अनुनादाची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असतां एकच ठराविक स्वर निघतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स (१८२१–१८९४) यानें अशा पोकळ्यांचा बारकाईनें अभ्यास केला. धुराच्या नळीला अशी पोकळी कडेनें जोडली, तर ती आपल्या ठराविक स्वराला पुढें जाऊं देत नाहीं. तंबोऱ्याचा भोपळा स्वराला भरदारपणा देतो. येथील पोकळी अनुनादाच्याच बळावर स्वराला अडवून धरते. तिसरी युक्ति शोषणाची. छिद्रें पाडलेल्या नळीभोंवतीं कांचेचे किंवा तसलेच न जळणारे तंतु ठासून भरतात. ध्वनीच्या लाटा त्यांत शिरतात, आणि घर्षणानें त्यांच्या शक्तीची उष्णता होऊन जाते.

यांतली अडचण मापांची आहे. साध्या हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. ४०० अंश तापलेल्या धुरांत तोच वेग ५०० मीटरांहून अधिक होतो. म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या स्वराची एक लाट तेथें जवळजवळ ५ मीटर लांब असते. विस्ताराची साधी पेटी लाटेच्या चतुर्थांशाइतकी लांब असेल तेव्हां सर्वांत चांगलें काम करते. त्या हिशेबानें ती सव्वा मीटर लांब हवी. पण बुटक्या स्पोर्ट्स मोटारीखालीं इतकी जागा कोठून येणार? म्हणून चांगल्या सायलेन्सरांत पडदे, कप्पे आणि उलटसुलट नळ्या घालून थोड्या जागेंत मोठें काम साधलेलें असतें. याउलट बाजारांत मिळणारी, आंत नुसते तंतु भरलेली आंखूड पेटी तीक्ष्ण स्वर तेवढे गिळते आणि खर्ज तसाच सोडून देते. दुकानाच्या दारांत तिचा आवाज रुबाबदार वाटतो. तीन तासांच्या प्रवासांत मात्र तो डोक्यांत घुमूं लागतो.

आवाज आणि वेग यांचें भांडण जुनें आहे. इंग्लंडांत वेब्रिजजवळ ब्रुकलँड्सचा शर्यतीचा मार्ग १९०७ सालीं उघडला, आणि त्याच वर्षीं रात्रभर धांवलेल्या मोटारींच्या गर्जनेनें आसपासचे रहिवासी संतापून उठले. तेव्हांपासून तेथें रात्रीं मोटारी पळविण्यास मनाई झाली. म्हणून १९२९ मध्यें चोवीस तासांची शर्यत घ्यावयाची ठरली, तेव्हां ती दोन दिवसांत बारा बारा तास अशी वांटून घेण्यांत आली, आणि मधल्या रात्रीं मोटारी कुलुपांत ठेवण्यांत आल्या. १९२० नंतरच्या दशकांत त्या मार्गावर मोठ्या पेटीचा व माशाच्या शेपटीसारख्या चपट्या तोंडाचा सायलेन्सर सक्तीचा झाला. १९३१ सालीं हीच दोन दिवसांची शर्यत एम्. जी. कंपनीच्या लहानशा मिजेट मोटारीनें जिंकली. गाडीचें तोंड आंवळलें कीं तिची शक्ति संपते, या समजुतीला यापेक्षां चांगलें उत्तर नाहीं.

त्याच कंपनीची ॲबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झालेली एम्. जी. बी. ही मोटार उदाहरणादाखल घेऊं. या जातीच्या पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ आजहि हौशी लोकांनीं जपून ठेवल्या आहेत. तिचें इंजिन १,७९८ घनसेंटिमीटरांचें, चार सिलिंडरांचें. परंतु त्याच्या माथ्याला धूर सोडणारीं तोंडें चार नसून तीनच आहेत. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांचा धूर एकाच तोंडांतून जातो. सिलिंडर पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असल्यामुळें प्रत्येक दुसरा धक्का त्या मधल्या तोंडांतून येतो. पुढें कितीहि रुंद नळी लावली, तरी ही मूळची अडवणूक दूर होत नाहीं.

शिवाय रुंद नळीचे स्वतःचे दोष आहेतच. पावणेदोन इंचांच्या जागीं दोन इंचांची नळी घातली, तर तिचें पोट सुमारें ३० टक्क्यांनीं वाढतें, आणि त्या प्रमाणांत धुराची गति मंदावते. वेगानें जाणारा धुराचा लोट आपल्या मागें दाब कमी करितो, आणि त्यामुळें सिलिंडरांतील उरलासुरला धूर ओढला जातो. गति मंदावली कीं हें ओढणें दुबळें होतें, आणि कमी फेऱ्यांवर इंजिनाचा जोर उलट घटतो. मोठा आवाज म्हणजे मोठी शक्ति असें मालकाच्या कानाला वाटतें. घड्याळ तसें सांगत नाहीं.

तेव्हां निवड करतांना पहिला नियम असा, कीं नळीचा व्यास मूळच्याजवळच ठेवावा आणि पेटी जागेंत मावेल तेवढी मोठी घ्यावी. मूळ रचनेंत पेट्या दोन असतील, तर एक काढून टाकण्याचा मोह टाळावा. कारण बहुधा ती दुसरी पेटीच प्रवासांतला घुमारा शमवीत असते. नळी वांकवितांना तिचें पोट चेपतां कामा नये. धातूचाहि विचार हवा. एक लिटर पेट्रोल जळालें, म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी उत्पन्न होतें. लांबच्या प्रवासांत तें वाफेच्या रूपानें निघून जातें. पण गाडी नुसती गल्लीच्या टोंकापर्यंत नेली, तर तें थंड पेटींत सांचतें आणि साधें पोलाद आंतून कुजवितें. सुमारें १८ टक्के क्रोमियम असलेलें न गंजणारें पोलाद महाग पडतें, परंतु टिकतें.

त्या पोलादाचा एक स्वभाव मात्र ध्यानांत ठेवावा लागतो : तें साध्या पोलादापेक्षां अधिक प्रसरण पावतें. तीन मीटर लांबीची नळी ३०० अंशांनीं तापली, तर ती सुमारें १५ मिलिमीटर वाढते. शिवाय इंजिन रबरी आधारांवर डोलत असतें. म्हणून नळी सांगाड्याला घट्ट जखडून चालत नाहीं. ती रबरी पट्ट्यांवर टांगली पाहिजे. असें न केल्यास कांहीं महिन्यांतच सांधे तडकतात.

कुशल कारागीर आधीं सर्व भाग सैल पट्ट्यांनीं टांगून पाहतो. मागचा आंस कमानीच्या पाट्यांवर खालींवर होतो. गाडी पूर्ण भारानें दबलेली असतांना आणि उचलून धरलेली असतांना, दोन्ही स्थितींत आंस, ब्रेकच्या नळ्या व पेट्रोलची टांकी यांच्यापासून सायलेन्सर दूर राहतो कीं नाहीं, हें तो तपासतो. त्यानंतरच सांधे पक्के होतात. जोडकाम करण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी लागते, आणि टांकीजवळ ठिणगी कधींहि जाऊं देतां कामा नये. तें काम भाग उतरवून दूर नेऊनच करावें.

शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील रक्तरंजकाला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं चिकटतो. धांवत्या गाडीच्या पाठीमागें हवेचा दाब कमी होतो, आणि तेथील धूर परत गाडींत ओढला जाऊं शकतो. कापडी छप्पर लावलें असतां हा धोका वाढतो. म्हणून प्रत्येक सांधा निर्धोक असला पाहिजे, आणि नळीचें तोंड गाडीच्या अंगाबाहेर स्पष्टपणें निघालें पाहिजे. त्यानंतर कार्ब्युरेटरचें मिश्रण पुन्हां जुळवून घ्यावें. धुराची वाट बदलली कीं हवेचें प्रमाणहि बदलूं शकतें.

कायद्याचेंहि म्हणणें यापेक्षां वेगळें नाहीं. ब्रिटनमधील १९८६ च्या मोटारविषयक नियमांपैकीं ५४ वा नियम सांगतो, कीं सायलेन्सर चांगल्या स्थितींत ठेवला पाहिजे आणि धुराचा आवाज वाढेल असा फेरफार त्यांत करूं नये. आवाज १० डेसिबेलनीं वाढला, तर कानाला तो जवळजवळ दुप्पट वाटतो. मालकाच्या मतें जो थोडासा भारदस्तपणा, तोच भिंतीपलीकडे झोपलेल्या मुलाला दचकविणारा असतो. मूळचे आधार न कापतां केलेलें काम पुढें केव्हांहि परत फिरवितां येतें, ही जुन्या वस्तूबद्दलची साधी सभ्यता होय. जुनी मोटार मुकी करावी असें कोणी म्हणत नाहीं. तिला तिचा स्वर असावा. मात्र तो गाडींत बसणाऱ्याला ऐकूं यावा, आणि रस्त्यावरच्या घरांना त्यासाठीं खिडक्या लावून घ्याव्या लागूं नयेत.